दगडाचे पोट

कार्तिकात भात कापून होते, भारे खळ्यावर येतात, आणि जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा वास येऊ लागतो. इतरांना त्या वासाने काय आठवते ते मला माहीत नाही. मला हेवा वाटू लागतो. कोणाचा आणि कशाचा, हे सांगायला थोडा वेळ लागेल. पण आधी वास, मग हेवा आणि शेवटी त्याचे कारण, हा क्रम गेली दहा-बारा वर्षे बदललेला नाही.

यंदाही बदलला नाही. एस्टीची काच अर्ध्यावर अडकलेली होती. पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडीने गिअर बदलला आणि खाली नदीत बायका दिसल्या. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या, हात कोपरापर्यंत आत, तोंडे मात्र वर. एक जण दुसरीशी बोलत होती, एक जण आमच्या गाडीकडे पाहत होती. दगडाखालचे मासे हाताने धरणारी बाई पाण्याकडे पाहत नाही. हे मला ज्या मोसमात कळले, त्याविषयी लिहितो आहे.

मी जव्हारचा. वडील सरकारी कचेरीत कारकून, शेती काकांकडे. दोन वर्षे ठाण्याच्या एका दैनिकात टेबलावर काम शिकलो आणि तालुक्याचा वार्ताहर होऊन परत आलो. निघताना वृत्तसंपादकांनी चहाचा कप बाजूला सरकवून सांगितले होते, “पाहिलंस ते लिही. ऐकलंस ते कोणाकडून ऐकलंस ते लिही. वाटलं ते घरी ठेव.” पुढे मी शेकडो बातम्या लिहिल्या. आगारातून सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचे, फारच तातडीचे असेल तर एसटीडी बूथवरून ओरडून सांगायचे. तीन वाक्यांपैकी तिसरे मी कायम पाळले. पहिले एकदाच मोडले, आणि ते याच पुलावर.

त्या वर्षी कापणी संपत आली असताना एक टँकर वळणावर कलंडला. आत कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळायचे काळे तेल होते. डांबराहून पातळ, काकवीहून दाट. ते रस्त्याच्या कडेच्या घळीतून ओहोळात आणि ओहोळातून नदीत गेले. ड्रायव्हर वाचला. मी पोहोचलो तेव्हा तलाठी पंचनामा लिहीत होते, दोन माणसे डबे भरून घेत होती आणि हवालदार त्यांना हाकलत होता. पुलावर उभे राहून मी खाली पाहिले. पाण्यावर काळी साय होती. तिच्यात सापासारखी लांबलचक वाम उलटी तरंगत होती, तिच्याभोवती बोटाएवढे पांढरे तुकडे होते, ते मासे आहेत हे नंतर कळले. पुलाच्या खालच्या अंगाला, नदी जिथे दोन कातळांमध्ये अरुंद होते, तिथे भिजलेल्या पेंढ्याचा मोठा ढीग अडकला होता. मी वहीत लिहिले, ‘पात्रात वाहून आलेला पेंढाही तेलाने माखला.’

दुपारी बूथवरून फोन केला तेव्हा डेस्कवरून विचारले, “मासे किती मेले? काहीतरी नेमकं द्या.” माझ्याकडे नेमके काही नव्हते. मी म्हणालो, “एकही उरला नाही असंच दिसतंय.” छापताना ‘असंच दिसतंय’ गेले. पहिल्या पानावर, माझ्या नावासकट मथळा आला: ‘नदी निर्जीव, एकही मासा उरला नाही’. त्या अंकाच्या तीन प्रती मी घरी घ्यायला लावल्या. आईने एक शेजारी दिला, एक ट्रंकेत ठेवला.

मोखाड्याच्या आठवडे बाजारात त्या मथळ्याचे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही, मी पाहिले. सुकट-बोंबिलांच्या ओळीपलीकडे पाड्यावरच्या बायका चिंबोऱ्या आणि ओले मासे घेऊन बसतात. त्या दिवशी त्या ओळीसमोर कोणी थांबत नव्हते. चष्मेवाले एक गृहस्थ थांबले, टोपलीत वाकून पाहिले आणि म्हणाले, “नको बाई. पेपरात आलंय.”

“ह्या त्या नदीच्या नाय,” बाई म्हणाली. “ह्या वरल्या ओहळाच्या.”

“चिंबोरी काय पत्ता सांगते का?” असे म्हणून ते गेले.

कोणीतरी तिला माझ्याकडे बोट करून दाखवले. चाळिशीची, काटक, कासोट्याचे लुगडे, केसांत कंगवा खोचलेला. तिचे नाव लाडकी. माहेर साखरशेतचे, सासर पुलाच्या खालच्या पाड्यावरचे. ती सगळ्यांना तू म्हणते. तहसीलदारालाही म्हणेल.

“पेपरात लिवणारा तूच का?”

“हो.”

“कुठं उभा राहून पाहिलास?”

“पुलावर.”

तिने शेजारणीकडे पाहिले. ती तिची जाऊ, चैती. चैती म्हणाली, “पुलावरून एस्टी बरी दिसते.” ओळीतल्या सगळ्या हसल्या. लाडकी हसली नाही. टोपलीतल्या चिंबोऱ्यांवर तिने ओला पाला सारखा केला आणि म्हणाली, “एकही नाय म्हंतोस. खाली उतरून विचारलास का त्यांना?”

या वाक्याचा मला राग आला असे मी तेव्हा समजत होतो.

आठवड्याने मुंबईच्या एका कॉलेजातून माशांच्या अभ्यासक बाई आल्या. त्यांना मी कर्णिक मॅडम म्हणेन. माझी बातमी त्यांच्या पिशवीत कापून ठेवलेली होती, त्यामुळे त्या आधी माझ्याकडे आल्या. मला बरे वाटले. मी त्यांना जीपने नदीवर नेले, तेल कुठून आले ते दाखवले, त्यांच्या बाटल्या, तराजू, गाळणीचे जाळे उचलले. त्यांची पद्धत साधी होती. दोरी टाकून पात्राचा ठरावीक तुकडा आखायचा. त्यातला प्रत्येक दगड उचलून त्याखालचे मासे मोजायचे, कल्ले उघडून रंग पाहायचा, अंगावर जखम आहे का, पर झडलेत का, पोट भरलेले की खपाटीला, हे लिहायचे आणि मासा परत सोडायचा. असा एक तुकडा ओहोळ मिळतो त्याच्या वर, जिथे तेल गेले नाही. एक तुकडा खाली, पाड्यासमोरच्या खडकाळ पात्रात. दर रविवारी मोजणी. दोन्हींची तुलना केली की नदीची तब्येत कळेल.

पहिल्या रविवारी खालच्या तुकड्यात मॅडमना आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनींना तासाभरात काही मिळाले नाही. मी काठावर उभा राहून मथळा मनात म्हणत होतो. लाडकी आणि चैती धुण्याच्या दगडावर बसून पाहत होत्या.

“असा फटकन उचलला तर तो राहील का?” लाडकी म्हणाली. “तुझे घराचा छप्पर कोणी उचलला तर तू बसशील?”

ती उतरली. एका दगडाच्या खालच्या बाजूने डावा हात सरकवला, वरच्या बाजूने उजवा, आणि समोरच्या डोंगराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “दोन मुऱ्या. एक चिंबोरी. चिंबोरी चावणार आता.” हात वर आले तेव्हा एका मुठीत दोन मुऱ्या होत्या, बोटाएवढ्या, अंगावर वाघासारखे पट्टे, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला चिंबोरी लटकलेली होती. तिने चिंबोरी झटकली. दगड होता तसा ठेवला, त्याच्यावरून एकदा तळवा फिरवला आणि पुढच्या दगडाकडे गेली. तासाभरात मॅडमच्या तक्त्यात ओळी भरल्या. मासे जिवंत होते. थोडे होते, एक-दोघांचे कल्ले काळपट होते, पण होते.

कसे, ते मॅडमनी विचारले. लाडकीने वरच्या कातळांकडे हात केला. तिथला पेंढा वाहून आलेला नव्हता. टँकर पडल्याचे कळले तसा पाड्याने खळ्यावरचा पेंढा उचलून, दोऱ्यांनी बांधून, नदीच्या अरुंद गळ्यात टाकला होता. तेल पेंढ्यात बसले, पाणी खालून निघून गेले. गुरांची वर्षाची वैरण होती ती. मी पुलावरून तिचाच ढीग पाहिला होता आणि ‘वाहून आलेला’ असे लिहिले होते.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मॅडमनी विचारले.

“कोण सांगणार? तूप सांडला तर तू फडका टाकतेस ना?”

मॅडमनी तक्त्यात एक नवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिले: ‘लाडकीताई’. हात घालण्याआधी लाडकी जे सांगेल ते त्या रकान्यात, आणि प्रत्यक्ष जे निघेल ते शेजारच्या रकान्यात. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरत गेले. दुसऱ्या रविवारी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. दगड हलला की निरोगी मुरी पाण्याच्या उलट पळते आणि आजारी मुरी पाण्याबरोबर जाते. मॅडमनी ते लिहून घेतले, खाली रेघ मारली आणि इंग्रजीत विद्यार्थिनीला म्हणाल्या की हे आपल्या पुस्तकात नाही. ते वाक्य मी ऐकले. मी जीप ठरवली, बाटल्या उचलल्या, तेलाचा माग दाखवला. त्या तक्त्यात माझा रकाना नव्हता.

मी हात घालून पाहिला. चैतीनेच आग्रह केला. दगडाखाली गार, बुळबुळीत, काहीतरी हलल्यासारखे वाटले, आणि मग चिंबोरीने करंगळी धरली. मी ओरडलो. चैती पाण्यातच बसली, इतकी हसली. “पेपरवाल्याला मासा नाय घावला गं, माशाला पेपरवाला घावला!” मॅडमही हसल्या. लाडकीने चिंबोरीचा नांगा मागून दाबून माझे बोट सोडवले आणि म्हणाली, “तू धराया बघतोस. नुसता हात ठेव. तो आपला येतो.” मी पुन्हा हात घातला नाही.

हेव्याविषयी लोक बोलतात तेव्हा तो आपल्याहून वरच्याचा वाटतो असे धरून चालतात. पैसेवाल्याचा, खुर्चीवाल्याचा. मला ज्या बाईचा हेवा वाटला तिला सही येत नव्हती. मी जे पाहून लिहायला शिकलो होतो, ते ती न पाहता सांगत होती, आणि तिचे बरोबर येत होते. रात्री जेवताना मी माझा उजवा हात पाहत असे. लेखणी धरून मधल्या बोटाला आलेला घट्टा होता. दहा वर्षे तो घट्टा मला शोभतो असे वाटले होते.

त्यात डेस्कवरून निरोप आला. दुसऱ्या एका वर्तमानपत्राने छापले होते की नदीत मासे आहेत. वृत्तसंपादक फोनवर शांत होते; ते रागावले की शांत होत. “तू लिहिलंस एकही नाही. आता काय आहे ते पाहून सांग. मोजणी पूर्ण झाली की.” म्हणजे तिसऱ्या रविवारनंतर. मॅडमही त्याच रविवारनंतर तालुक्याला पत्र देणार होत्या. खालच्या पात्रातले मासे धरायला आणि विकायला हरकत नाही, किंवा आहे. पाड्याने तोवर त्या पाण्यातला मासा खायचा नाही असे आपणहून ठरवले होते. हे फक्त खाण्याचे प्रकरण नव्हते. भात झाले की वीटभट्टीच्या मुकादमाची लॉरी येते. नदी चालू असेल तर होळीपर्यंत पाड्यावर निभते, मासे, चिंबोऱ्या, बाजार. नसेल तर भिवंडीकडे भट्टीवर. लाडकी ते एका वाक्यात सांगे: “नदी उघडली तर घर उघडा, नाय तर घराला कडी.”

हे सगळे मला माहीत होते. माहीत असूनही मला मनातून काय हवे होते ते आज लिहितो. ते मासे मेलेले असावेत असे मला वाटत होते. सगळे नव्हे, पण मथळा खरा ठरेल आणि शेजारचे दोन रकाने एकदा तरी जुळणार नाहीत, इतके.

तिसऱ्या रविवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, मी एकटा नदीवर गेलो. माणसे खळ्यावर झोडणीला होती. धपधप असा आवाज लांबून येत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला हातभर अंतरावर ठेवल्या. मासे मारायला गेलो नव्हतो. शिकायला गेलो होतो. रविवारी लाडकीच्या आधी एक आकडा सांगायचा आणि तो बरोबर निघावा, एवढेच. आखलेल्या तुकड्याच्या कडेपासून सुरुवात केली. एक दगड उचलायचा, पाहायचे, बाजूला टाकायचा, पुढचा. मॅडमसारखे ओळीने. पाणी गढूळ होई, मी ते निवळायची वाट पाही, पुन्हा वाके. दगडांच्या खालच्या बाजूला वाळूच्या बारीक नळ्या, गोगलगायी, कुठे कुठे पारदर्शक मोहरीसारखे काहीतरी चिकटलेले होते. मी त्याकडे लक्ष दिले नाही. मला मुऱ्या हव्या होत्या. त्या दोरीसारख्या निसटून जात होत्या. ऊन कलेपर्यंत मी तो तुकडा पार केला. हाती एकही आली नाही. नखांत काळे तेल बसले. घरी साबण, मग राख, मग रॉकेल लावले. गेले नाही.

रविवारी खालच्या तुकड्यात लाडकीने पहिल्या दगडाखाली हात घातला. डोंगराकडे पाहिले. हात काढला. दुसऱ्या दगडाखाली घातला. चौथ्या दगडानंतर म्हणाली, “नाय.”

“म्हणजे?” मॅडमनी विचारले.

“नाय कोणी.”

विद्यार्थिनींनीही पाहिले. नव्हते. मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तेलाचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो, असे त्या हळू म्हणाल्या आणि पेन काढले. मला आनंद झाला. तो किती वेळ टिकला ते सांगता येत नाही, पण झाला. मथळा खरा होता. रकाना रिकामा होता.

लाडकी पाण्यात तशीच उभी होती. मग तिने तो सगळा तुकडा या काठापासून त्या काठापर्यंत पाहिला. पहिल्यांदाच मी तिला पाण्याकडे नीट पाहताना पाहिले. नदीतल्या दगडाची पाठ शेवाळाने हिरवी असते आणि पोट फिके. तिथे सगळीकडे फिकी पोटे वर होती.

“हे कोन उलथून गेला?”

“डुकरं असतील,” चैती म्हणाली.

“डुकर असा ओळीनं नाय उलथीत.” लाडकीने एक दगड उचलून त्याचे वाळलेले पोट मॅडमसमोर धरले. ती मोहरी पिवळी पडली होती. “हा कोणी शिकलेला माणूस.”

बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हा लाडकीने त्यांना समजावून सांगितले, लहान मुलीला सांगावे तसे. दगड उचलला तर होता तसा ठेवायचा, पोट खाली. मुरी आपल्या दगडाच्या पोटाशी राहते, अंडी तिथे, खाणे तिथे. पोट उन्हाकडे केले की ते घर मोडले. मासा दुसरीकडे जातो किंवा मोठ्याच्या तोंडी जातो. पाड्यावर पोराला पोहायच्या आधी हे शिकवतात. जो दगड उलथा टाकेल त्याला त्या दिवशी कालवण नाही. “आज नको मोजू,” ती म्हणाली. “दगड घरी नाय, तर मासा कसा असेल?”

“मला काहीतरी लिहावंच लागेल, ताई. उद्या पत्र द्यायचं आहे. कोणी केलं, कधी केलं हे माहीत नसेल तर मी शून्यच लिहिणार.”

लाडकीची नजर काठावरून फिरली आणि माझ्या हातांवर थांबली. मी हात खिशात घातले, हे नंतर माझ्या लक्षात आले. नखांत ते तेल त्या आठवड्यात फक्त त्या पाण्यात हात घातलेल्यांच्याच होते.

“मी उलथले,” लाडकी म्हणाली. “गुरुवारचे. असा लिव.” वाळलेल्या पोटांवरून तिने दिवसही बरोबर मोजला होता.

चैतीने तिच्याकडे पाहिले. मॅडमनी पेन खाली केले. “तुम्ही? लाडकीताई, तुम्हीच तर आत्ता—”

“मी. लिव ना.”

त्या क्षणी माझ्या मनात चांगले काही आले असे म्हणायला मला आवडले असते. आले ते असे: मॅडम आता ते त्या रकान्यात लिहितील, ‘लाडकीताई’ या नावाखाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या नदीत काहीतरी केले होते, ते वाईट होते, आणि तेसुद्धा तिच्या रकान्यात जाणार होते.

“मी उलथले,” मी म्हणालो. “गुरुवारी दुपारी. ओळीने.”

चैती इतक्या जोरात हसली की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. “बघ! बोलली मी, शिकलेला!” मॅडमनी तक्ता मिटला आणि त्या दिवसाची मोजणी रद्द केली. त्यांनी काही विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. लाडकीने लुगडे वर खोचले. “मग उभा का? पालथे कर.”

तो दिवस मी पालथे करण्यात घालवला. ती शेजारी उभी राहून सांगत होती. “हा इथला नाय, तो तिथला. त्याच्या कडेला खोबण आहे, ती ह्याच्याशी बसते. दाबू नको. ठेव.” दोनदा मी घाईने ठेवले आणि तिने पायाच्या अंगठ्याने दगड हलवून दाखवला. ऊन, गार पाणी, कमरेची कळ, झोडणीचा धपधप आवाज, आणि पाण्यावरून येणारा त्या कुजक्या, तेलकट पेंढ्याचा, तरीही पेंढ्याचाच वास. सगळे एकमेकांत असे बसले की आजपर्यंत सुटलेले नाही. मी तिला विचारले, तू का म्हणालीस मी उलथले म्हणून. ती म्हणाली, “मॅडमला लिवाया नाव पाहिजे होता. तू देत नव्हतास.” एवढेच. त्यात उपकाराचा सूर नव्हता.

मॅडम पंधरा दिवसांनी परत आल्या. मधल्या आठवड्यात मुकादमाची लॉरी आली. नदीचे काय ते पत्र निघालेले नव्हते, त्यामुळे तीन घरे लॉरीत चढली. त्यात चैतीचे घर होते. मी तेव्हा पुलावर होतो. लॉरीच्या फळीवरून हात हलवून ती ओरडली, “पेपरवाल्या, चिंबोरी सांभाळ!” मी हात वर केला. मी दगड उलथले नसते तर त्या वर्षी चैती पाड्यावर असती, हे वाक्य मी स्वतःला दर कार्तिकात सांगतो. पुढे ती होळीला येत राहिली, मग होळीलाही येईनाशी झाली. आता तिचा संसार भिवंडीलाच आहे.

चौथ्या मोजणीत लाडकीने पहिल्याच दगडाखालून तीन मुऱ्या सांगितल्या आणि तीन निघाल्या. कल्ले लाल होते. एकीच्या पाठीवर जखम होती, ती भरत आलेली. मॅडमनी सोडल्यावर ती पाण्याच्या उलट पळाली. पत्र निघाले. बाजारातल्या ओळीसमोर लोक थांबू लागले, आधी घासाघीस करायला, मग घ्यायला. मी दुरुस्ती लिहिली. त्यात पेंढ्याचे लिहिले, पाड्याचे लिहिले, दगडांचेही लिहिले आणि कोणी उलथले तेही लिहिले. आतल्या पानावर चार ओळी छापल्या गेल्या: नदीत मासे असल्याचे तपासणीत आढळले. नाव नव्हते. त्या अंकाच्या प्रती मी घेतल्या नाहीत.

या वर्षी मी पुलावर उतरलो. एस्टी पुढे गेली. पायवाटेने खाली गेलो तर लाडकी धुण्याच्या दगडावर बसलेली. गुडघे गेलेत, आता ती पाण्यात उतरत नाही. तिने मला पाहिले आणि सरकून जागा केली नाही.

“पुलावरून आलास का खालून?”

“पुलावरून उतरलो.”

“मग जा की आत.”

मी चपला काढल्या. पँट दुमडली. हा माझा दर वर्षीचा नेम आहे असे कोणी म्हणेल. मी त्याला काही म्हणत नाही. ओळखीचा, कडेला खोबण असलेला दगड शोधला. डावा हात खालून, उजवा वरून. धरायला पाहिले नाही. नुसता ठेवला. समोरच्या डोंगराकडे पाहत राहिलो. गवत पिवळे झाले होते, खळ्यावरून धपधप येत होते. बोटांना एक गार स्पर्श झाला, मग दुसरा, आणि जरा वेळाने करंगळीपाशी तिसरा. बारा वर्षांत मला एका दगडाखाली इतक्या कधी सापडल्या नव्हत्या. हात वर न काढता मी ओरडलो, “तीन!”

ती माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होती. तिचे तोंड माझ्याकडे नव्हतेच. ती पाड्याकडे पाहत पायाची भेग खाजवत होती.

“चार,” ती म्हणाली. “एक तुझे अंगठ्याखालून गेली. उलटी गेली, चांगली आहे.”

मी दगड होता तसा ठेवला, पोट खाली, आणि त्यावरून तळवा फिरवला. काठावर येऊन हात पुसले, खिशातली वही काढली. हाताने पाहिलेल्या तीन होत्या. ऐकलेली एक, ती कोणाकडून ऐकली ते लिहायला हवे होते. तारीख घातली, दोन रकाने आखले, डावीकडच्या रकान्यावर तिचे नाव लिहिले आणि खाली चार.

उजवीकडच्या रकान्यावर मी माझे नाव लिहिले. त्याखालीही चारच लिहिले.